पीडित श्वानाचे पुनर्वसन : एक संकेतविचार

'माणसाळणे' हे मराठीतील एक अर्थपूर्ण क्रियापद आहे. प्राण्यास माणसाची सवय होणे, त्याने माणसाचे भय टाकून त्याच्या सहवासात स्थिर होणे, हा त्याचा अर्थ. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हे क्रियापद अकर्मक असून त्याचा कर्ता प्राणी असतो, माणूस नव्हे. माणसाकडे कर्तृत्व द्यावयाचे झाल्यास 'माणसाळविणे' असे प्रयोजक रूप योजावे लागते. म्हणजे भाषेच्या दृष्टीने मूळ क्रिया प्राण्याच्या ठिकाणी घडते. माणूस ती घडून यावी अशी परिस्थिती पुरवितो. मार खाल्लेल्या, उपाशी ठेवलेल्या, साखळीला जखडलेल्या किंवा झुंजीस लावलेल्या कुत्र्याची सुटका करून त्यास पुन्हा एखाद्या घरात राहण्यायोग्य करण्याचा जो उद्योग गेल्या काही दशकांत शास्त्रीय पायावर उभा राहिला, त्याचे बरेचसे सार या व्याकरणिक भेदात आलेले आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

अशा कुत्र्याचा विचार बहुधा दयेच्या अंगाने केला जातो. दयेवाचून या कार्यास आरंभच होत नाही हे खरे. परंतु दयेने भरलेला मनुष्यही कुत्र्यापुढे वाकतो, हात पुढे करतो, गोड बोलतो, आणि कुत्रे कोपऱ्यात अधिकच आक्रसते किंवा त्या हाताला चावते. माणसाच्या मनातील हेतू आणि कुत्र्याच्या लेखी त्या हालचालीचा अर्थ यांत अंतर पडलेले असते. वर गेलेला हात, जवळ येणारी पावले, चढा आवाज, कमरेच्या पट्ट्याचा खणखणाट ही त्याच्यासाठी येऊ घातलेल्या वेदनेची चिन्हे झालेली असतात. म्हणून हा प्रश्न मुख्यतः अर्थाचा आहे, आणि भाषेच्या अभ्यासकांनी त्याकडे लक्ष देण्याचे कारणही हेच.

चार्ल्स हॉकेट या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९६० साली मानवी भाषेची जी व्यवच्छेदक लक्षणे सांगितली, त्यांत दूरस्थनिर्देश हे एक आहे. समोर नसलेल्या वस्तूंविषयी, होऊन गेलेल्या व व्हावयाच्या घटनांविषयी मनुष्य बोलू शकतो. कुत्र्यास ही सोय नाही. त्यामुळे दोन अडचणी उत्पन्न होतात. पहिली अशी की, सोडवून आणलेले कुत्रे आपली हकीकत सांगू शकत नाही. तिचा अंदाज त्याच्या आजच्या वागण्यावरून बांधावा लागतो. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. 'ते दिवस संपले, यापुढे तुला कोणी मारणार नाही' ही गोष्ट कुत्र्यास कळेल अशा कोणत्याही संकेतपद्धतीत सांगता येत नाही. ज्याला वचन देता येत नाही, त्याच्या बाबतीत आचरणाचा नियमितपणा हेच वचन ठरते. पुनर्वसनाच्या बहुतेक सर्व रीती या एका गोष्टीतून निघतात.

२. व्हर्जिनियातील खटला

अमेरिकेत झुंजीच्या अड्ड्यांवरून जप्त केलेल्या कुत्र्यांना खटला संपताच ठार करण्याचा प्रघात दीर्घकाळ होता. झुंजीसाठी पैदा केलेले कुत्रे पुन्हा माणसांत येणे शक्य नाही, ही त्यामागील समजूत. या समजुतीस पहिला मोठा धक्का २००७ साली बसला. त्या वर्षी एप्रिल महिन्यात, व्हर्जिनिया राज्याच्या सरी परगण्यात, मायकेल व्हिक या नामांकित व्यावसायिक फुटबॉलपटूच्या मालकीच्या जागेची अमली पदार्थांच्या तपासासाठी झडती घेण्यात आली, तेव्हा तेथे पन्नासांहून अधिक पिट बुल कुत्री आढळली. कित्येक कुत्री जमिनीत पुरलेल्या मोटारीच्या आसांना जड साखळ्यांनी जखडलेली होती. झुंजीत निरुपयोगी ठरलेल्या कुत्र्यांना फास देऊन वा पाण्यात बुडवून मारल्याचे पुढे न्यायालयासमोर आले. ऑगस्टमध्ये व्हिकने गुन्हा कबूल केला व डिसेंबरात त्यास २३ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली.

कुत्र्यांच्या जप्तीसाठी जो स्वतंत्र दिवाणी दावा झाला, त्याच्या शीर्षकात एका बाजूस अमेरिकेची संयुक्त संस्थाने व दुसऱ्या बाजूस 'अंदाजे ५३ पिट बुल कुत्री' असा उल्लेख होता. जप्तीच्या कायद्यात मालमत्ता हीच प्रतिवादी असते, त्यामुळे हा शब्दप्रयोग नियमास धरूनच होता. तरी त्यातील 'अंदाजे' हा शब्द बोलका आहे. प्रतिवादींना नावे नव्हती, इतकेच नव्हे तर त्यांची संख्याही शीर्षकात निश्चित नव्हती. खटल्याचा पुरावा म्हणून कित्येक महिने ती सरकारी कोंडवाड्यांत पडून राहिली.

सप्टेंबरमध्ये 'एएसपीसीए' या प्राणिक्रौर्यप्रतिबंधक संस्थेच्या पुढाकाराने तज्ज्ञांच्या एका पथकाने ४९ कुत्री एकेक करून तपासली. सर्वसाधारण अपेक्षा हिंस्र जनावरांची होती. प्रत्यक्षात आढळली ती बहुतांशी भेदरलेली कुत्री. माणूस जवळ येताच कित्येकजण जमिनीला सपाट चिकटत व हलेनाशी होत. कार्यकर्त्यांनी त्यांना तव्यावर पसरलेल्या धिरड्याची उपमा दिली. आक्रमकतेच्या कारणावरून ४९ पैकी केवळ एका कुत्र्यास मरण द्यावे असे ठरले. ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने रिबेका हस या कायद्याच्या प्राध्यापिकेस या कुत्र्यांची पालक म्हणून नेमले. त्यांच्या शिफारशीनुसार २२ कुत्री यूटा राज्यातील कॅनब येथील 'बेस्ट फ्रेंड्स' या आश्रमाकडे, १० कॅलिफोर्नियातील 'बॅड रॅप' या संस्थेकडे व उरलेली इतर संस्थांकडे सोपविण्यात आली. संगोपनाच्या खर्चासाठी सुमारे ९ लाख २८ हजार डॉलर भरण्याचा आदेश व्हिकला झाला. एकंदर ४७ कुत्री वाचली.

येथे महत्त्वाचा बदल झाला तो विचाराच्या पद्धतीत. तोपर्यंत कुत्र्याचा निकाल त्याच्या वर्गावरून लागत असे. येथे तो प्रत्येक कुत्र्याच्या वागणुकीवरून लावण्यात आला. या बदलास विरोध नव्हता असे नाही. २००९ च्या आरंभी नॉर्थ कॅरोलिना राज्यातील विल्क्स परगण्यात झुंजीच्या अड्ड्यावरून आणलेली शंभराहून अधिक कुत्री, पिलांसह, न तपासताच मारण्यात आली. त्यावर जो क्षोभ झाला, त्यानंतर अमेरिकेतील मोठ्या प्राणिरक्षक संस्थेने, ह्युमेन सोसायटीने, आपले धोरण बदलून प्रत्येक कुत्र्याची स्वतंत्र तपासणी करण्याचे तत्त्व मान्य केले.

३. बिघडलेला संकेत आणि न घडलेला संकेत

स्वतंत्र तपासणीत पहिला प्रश्न हा असतो की, समोरचे भय कोणत्या जातीचे आहे. भेदरलेले कुत्रे दिसले की, त्यास कोणीतरी मारले असावे असे अनुमान सहज काढले जाते. ते नेहमीच खरे नसते.

अमेरिकेतील मेन राज्यातील बार हार्बर येथे फ्रीडमन, किंग व एलियट यांनी केलेला प्रयोग १९६१ साली प्रसिद्ध झाला. उंच कुंपणाच्या आवारात, माणसाचा संपर्क न येऊ देता वाढविलेली पिले निरनिराळ्या वयांत आठवडाभर माणसांत आणली गेली. ज्या पिलांना चौदा आठवड्यांपर्यंत माणूस भेटलाच नाही, ती पुढे रानटी जनावरांप्रमाणे वागली. त्यांना कोणी मारले नव्हते. तरीही माणूस त्यांच्या लेखी भयकारी होता. स्कॉट व फुलर यांनी त्याच संस्थेत केलेल्या दीर्घ अभ्यासातूनही हेच निष्पन्न झाले. साधारणतः तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांच्या दरम्यान पिलास माणसाचा परिचय होणे आवश्यक असते. मानवी भाषेच्या संपादनासही असा अनुकूल काळ असतो, हे लेनेबर्ग यांनी १९६७ साली मांडलेले मत भाषाशास्त्राच्या वाचकांस परिचित आहेच. दोहोंची यंत्रणा एक आहे असे नव्हे. पण काळ उलटून गेल्यावर जे शिकले जाते ते कष्टाने व अपुरे शिकले जाते, एवढे साम्य ध्यानात घेण्यासारखे आहे.

तेव्हा दोन प्रकार स्पष्टपणे वेगळे करावे लागतात. एका कुत्र्याच्या बाबतीत माणूस हा संकेत एकेकाळी चांगल्या अर्थाने घडला होता व पुढे बिघडला. दुसऱ्याच्या बाबतीत तो घडलाच नाही. पहिल्याच्या मनात जुन्या विश्वासाचा काही अंश शिल्लक असू शकतो व तो कधी कधी अनपेक्षित वेगाने वर येतो. दुसऱ्याच्या बाबतीत पाया घालण्यापासून आरंभ करावा लागतो.

प्रत्यक्ष छळाचा परिणामही नेहमी एकाच दिशेने होत नाही. फ्रँक मॅकमिलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली छळ झालेल्या ६९ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यात अनोळखी माणसे व कुत्री यांच्याविषयी आक्रमकता, उत्तेजितपणा व सतत भुंकणे ही लक्षणे इतर कुत्र्यांहून अधिक आढळली. परंतु त्याचबरोबर माणसाला बिलगणे व त्याचे लक्ष वेधून घेण्याची धडपड हीही अधिक आढळली. ज्या माणसापासून भय, त्याच्याचकडे धाव, अशी ही ओढाताण असते. तिचा उलगडा न झाल्यामुळे कित्येक पालक गोंधळून जातात.

४. कुत्र्याचे म्हणणे वाचणे

कुत्रे बोलत नसले तरी निःशब्द नसते. पायांत घातलेली शेपटी, मागे पडलेले कान व अंगाचा ताठरपणा ही चिन्हे बहुतेकांना ठाऊक असतात. याहून सूक्ष्म चिन्हे सहसा नजरेतून सुटतात. भूक नसता ओठ चाटणे, झोप नसता जांभई देणे, मान वळविणे, डोळ्याचा पांढरा भाग दिसेल अशा रीतीने तिरपे पाहणे, पुढचा एक पाय उचलून थबकणे, ही अस्वस्थतेची चिन्हे होत. तीच चिन्हे निराळ्या प्रसंगी निराळ्या अर्थाची असू शकतात. दुपारच्या झोपेतून उठलेल्या कुत्र्याची जांभई ही केवळ जांभई असते. म्हणजे येथेही अर्थ संदर्भाने ठरतो, आणि चिन्हांची यादी पाठ करून काम भागत नाही.

गुरगुरण्याविषयी येथे विशेष लिहिले पाहिजे, कारण त्याविषयीचा गैरसमज सर्वांत घातक आहे. गुरगुरणे म्हणजे चावा नव्हे. चावा टाळण्यासाठी दिलेली सूचना होय. गुरगुरल्याबद्दल कुत्र्यास मारले तर ते गुरगुरणे सोडते, पण ज्या भयापोटी ते गुरगुरत होते ते भय तसेच राहते, किंबहुना वाढते. मग एके दिवशी ते कुत्रे 'काही कारण नसता' चावते. कारण असतेच, सूचना देण्याची चाल तेवढी माणसाने मोडून काढलेली असते.

चिन्हे वाचण्यापूर्वी शरीराची तपासणी व्हावी लागते. दुखऱ्या कानाला हात लागताच चावणारे कुत्रे आक्रमक नसून आजारी असते. जुने अस्थिभंग, सडलेले दात, कातडीचे विकार, गोचिडांपासून होणारे ज्वर यांवर उपचार झाल्याखेरीज वागणुकीविषयी निर्णय देणे अन्यायाचे ठरते. झुंजीच्या कुत्र्यांत चाव्यांच्या जखमांवाटे बबेसिया नावाच्या रक्तातील परजीवीचा प्रसार होतो व त्यामुळे येणारी ग्लानी खिन्नतेसारखी दिसू शकते.

५. नियमितपणा आणि निवड

भय घालविण्याच्या पद्धतीचा मूळ सिद्धांत जुना आहे. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली सशाला भिणाऱ्या एका लहान मुलास आवडीचा खाऊ देत देत ससा हळूहळू जवळ आणला व त्याचे भय घालविले. कुत्र्याच्या बाबतीत सशाची जागा माणूस घेतो. प्रथम माणूस इतक्या अंतरावर थांबतो की, कुत्रे त्याची दखल घेईल, पण घास खाणे सोडणार नाही. घास घेणे हीच येथे मोजपट्टी असते. उपाशी कुत्रेही अतिभयात खात नाही. त्या अंतरावर माणूस दिसला की मांसाचा तुकडा पुढ्यात पडतो; माणूस दिसेनासा झाला की तुकडे बंद होतात. अंतर कमी करावयाचे ते कुत्र्याच्या चर्येवरून, घड्याळावरून नव्हे.

यात क्रमाला फार महत्त्व आहे. आधी माणूस दिसावा व मग खाऊ मिळावा. हा क्रम उलटला, म्हणजे खाऊ दाखवून कुत्र्याला भुलविले व मग त्याला पकडले, तर माणूस खाऊचे चिन्ह होण्याऐवजी खाऊच संकटाचे चिन्ह होऊन बसतो. वाक्यातील शब्दक्रम बदलल्याने अर्थ बदलावा, तसाच हा प्रकार आहे. चांगल्या हेतूने केलेले कित्येक प्रयत्न या एका चुकीने फसतात.

दिनक्रमही याच दृष्टीने आखला जातो. पहिले काही दिवस शांत खोली, लपावयास एक आडोसा, ठराविक वेळी अन्न, शक्य तो तीच एक-दोन माणसे. माणसाने समोरून न येता कडेने यावे, उभे न राहता खाली बसावे, डोळ्याला डोळा देऊ नये. ज्याला पुढे काय घडणार हे कळते त्याला सतत सावध राहावे लागत नाही, आणि विश्रांती मिळाल्याखेरीज कोणताही प्राणी नवे शिकू शकत नाही. माणसाला न भिणारे एखादे शांत कुत्रे सोबतीस असल्यास काम पुष्कळ सोपे होते.

नियमितपणाइतकेच निवडीला महत्त्व आहे. याविषयीचे ज्ञान ज्या प्रयोगांतून मिळाले, ते स्वतः कुत्र्यांना वेदना देणारे होते, ही गोष्ट नमूद करणे उचित होईल. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सेलिगमन व मायर यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, जे विजेचे धक्के काही केल्या थांबविता येत नव्हते ते सोसलेली बहुतेक कुत्री पुढे सुटकेचा मार्ग मोकळा असतानाही पडून राहिली. या अवस्थेस 'शिकलेली असहायता' असे नाव मिळाले. परंतु २०१६ साली त्याच दोघा शास्त्रज्ञांनी मेंदूवरील नंतरच्या संशोधनाच्या आधारे आपला सिद्धांत उलटा केला. दीर्घकाळच्या यातनेत निष्क्रिय होणे ही प्राण्याची मूळ प्रतिक्रिया असते, ती शिकावी लागत नाही; आपल्या कृतीने परिस्थिती बदलते, ही गोष्ट मात्र शिकावी लागते.

पुनर्वसनात हे शिक्षण लहान लहान प्रसंगांतून दिले जाते. कुत्रे पुढे आले तर माणूस थांबतो, मागे सरले तर माणूसही मागे सरतो. हनुवटीखाली दोन-तीन क्षण खाजवून हात काढून घ्यावयाचा. कुत्रे हाताकडे झुकले तर पुन्हा खाजवावयाचे, मान वळविली तर सोडून द्यावयाचे. अशा रीतीने त्याच्या चिन्हांना उत्तर मिळू लागते. आपल्या म्हणण्याला अर्थ आहे, हा शोध कुत्र्याला लागला की जमिनीला चिकटून पडणे कमी होत जाते. धरून-दाबून 'सवय' लावण्याची जुनी पद्धत नेमका याच्या उलट धडा देते.

६. शब्द, सूर आणि नाव

कुत्र्याला शब्द कळतो की केवळ सूर कळतो, हा वाद जुना आहे. बुडापेस्ट येथील संशोधक अॅटिला अँडिक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली जागेपणी स्थिर पडून राहावयास शिकविलेल्या कुत्र्यांच्या मेंदूची छायाचित्रे घेऊन त्यास उत्तर दिले. शब्द व सूर यांची दखल मेंदूत वेगवेगळी घेतली जाते, आणि सुखाच्या केंद्रात प्रतिसाद उमटतो तो स्तुतीचा शब्द स्तुतीच्याच सुरात आला तेव्हा. कोरडा शब्द किंवा निरर्थक शब्दावर चढविलेला गोड सूर पुरत नाही. ज्याने माणसाचा गोड सूर फसवणुकीच्या प्रसंगी ऐकला आहे, त्या कुत्र्यास नुसत्या चुचकारण्याने धीर का येत नाही, हे यावरून समजू शकते.

'ये' असे म्हणून बोलाविले आणि आल्यावर कधी खाऊ दिला, कधी मारले, तर तो शब्द दोन विरोधी अर्थांचा वाहक होतो. अशा शब्दाला कॅरन प्रायर या अमेरिकन प्रशिक्षिकेने 'विष कालविलेला संकेत' म्हटले आहे. तो ऐकताच कुत्रे अर्धे पुढे येते, थबकते, कान पाडते. अनुभव असा की, असा शब्द शुद्ध करीत बसण्यापेक्षा नवा शब्द घडविणे सोपे असते. चिन्ह व अर्थ यांचा संबंध यादृच्छिक आहे हा सोस्यूरचा सिद्धांत येथे व्यवहारात उपयोगी पडतो. कुत्र्याला 'ये' काय किंवा दुसरा कोणताही उच्चार काय, सारखाच. त्याच्यामागून नेहमी एकच चांगली गोष्ट यावी, इतकीच अट.

नावाचेही तसेच. शिव्यांबरोबर उच्चारले गेलेले जुने नाव टाकून नवे देण्याची प्रथा यामुळेच पडली. व्हर्जिनियातील कुत्र्यांना नावे मिळाली त्याचा परिणाम माणसांवरही झाला. 'अंदाजे ५३' पैकी एक असलेल्या जनावरास मरण द्यावे हे म्हणणे सोपे होते. हेक्टर, जॉर्जिया किंवा जॉनी यांच्याविषयी तसे म्हणताना प्रत्येकाचा विचार करावा लागला. यांपैकी जॉनी हा कुत्रा पुढे प्रशिक्षण घेऊन कॅलिफोर्नियात मुलांच्या सोबतीस बसू लागला. वाचनात अडखळणारी मुले त्याच्यापुढे मोठ्याने पुस्तके वाचीत. चुका न काढणारा श्रोता म्हणून त्याची ख्याती झाली.

७. विलोपन म्हणजे विस्मरण नव्हे

एवढे झाल्यावर कुत्रे बरे झाले, असे समजण्याची घाई होते. मानसशास्त्राचा निष्कर्ष याबाबतीत सावध करणारा आहे. भयाचे विलोपन झाले म्हणजे जुना संबंध पुसला गेला असे होत नाही. त्याच्या शेजारी नवा संबंध उभा राहतो एवढेच. दाबले गेलेले प्रतिसाद काही काळाने आपोआप पुन्हा उमटतात हे पाव्हलॉव्ह यांनीच दाखविले होते. नवे शिक्षण ज्या परिस्थितीत झाले तिच्याशी जखडलेले राहते, हे मार्क बाऊटन यांच्या प्रयोगांनी पुढे स्पष्ट केले. आश्रमातील परिचित सेविकेच्या मांडीवर डोके ठेवणारे कुत्रे नव्या घरी दाराच्या घंटेने पलंगाखाली शिरते ते याच कारणाने. ते सर्व काही विसरले असे नसून, नव्या जागी नवा अर्थ लागू पडतो की नाही, याची त्यास खात्री नसते.

म्हणून जाणत्या संस्था कुत्र्यास एकाच माणसाच्या हाती तयार करीत नाहीत. उंच-ठेंगणे, स्त्री-पुरुष, टोपी घातलेले, काठी घेतलेले अशा निरनिराळ्या माणसांशी, निरनिराळ्या खोल्यांत व रस्त्यांवर तोच धडा गिरविला जातो. एएसपीसीए या संस्थेने अतिभयग्रस्त कुत्र्यांसाठी २०१३ साली न्यू जर्सीत प्रायोगिक केंद्र सुरू केले व २०१८ साली नॉर्थ कॅरोलिनातील वीव्हरव्हिल येथे कायम केंद्र उभारले. तेथील कामाचा जो अहवाल २०२२ साली प्रसिद्ध झाला, त्यानुसार ४४१ कुत्र्यांपैकी ३८०, म्हणजे ८६ टक्के, सरासरी सुमारे तीन महिन्यांच्या उपचारांनी घरी देण्यायोग्य झाली. हे प्रमाण आशादायक आहे. आणि उरलेली १४ टक्के कुत्री ही त्या आशेची मर्यादा आहे.

ही मर्यादा व्हर्जिनियाच्या कुत्र्यांतही दिसून आली. ल्यूकस व मेरिल या दोघांना आश्रमाबाहेर दत्तक देण्यास न्यायालयाची मनाई होती, व त्यांनी आपले आयुष्य कॅनब येथेच काढले. काही कुत्री घरात सुखाने राहिली, पण रस्त्यावर कधीच निर्धास्त झाली नाहीत. पुनर्वसन म्हणजे कुत्रे पूर्ववत होणे, अशी व्याख्या केल्यास ते क्वचितच साधते. त्याला दिवसाचा बराचसा भाग भयाशिवाय घालविता यावा, ही व्याख्या अधिक खरी आहे. त्या कुत्र्यांपैकी शेवटचे, फ्रोडो नावाचे, सुमारे पंधरा वर्षांचे होऊन डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या माणसांच्या घरी निवर्तले.

दत्तक घेणाऱ्याने काय करावे, हे यावरून ठरते. पहिले काही आठवडे पाहुणे, सहली व समारंभ टाळावे. दारे-कुंपणे तपासावी, भेदरलेले कुत्रे पहिल्या दिवसांतच पळून जाण्याची शक्यता अधिक असते, म्हणून बाहेर नेताना गळपट्ट्याबरोबर छातीचा पट्टाही असावा. संस्थेत वापरलेले शब्द, जेवणाची वेळ, अंथरूण ही तशीच ठेवावी. घरातील सर्वांनी एका गोष्टीसाठी एकच शब्द वापरावा. लहान मुलांना झोपलेल्या वा जेवणाऱ्या कुत्र्याजवळ जाऊ देऊ नये. आणि प्रगती मागे गेली तर कुत्र्यास कृतघ्न न ठरविता अंतर पुन्हा वाढवून तोच धडा पहिल्यापासून द्यावा.

८. मराठी संदर्भ

महाराष्ट्रात हा प्रश्न झुंजीच्या कुत्र्यांपेक्षा रस्त्यावरील कुत्र्यांच्या संदर्भात अधिक उपस्थित होतो. आपल्या भाषेत कुत्र्याशी बोलावयाचे काही खास उद्गार आहेत: बोलाविण्यासाठी 'यू यू', अंगावर घालण्यासाठी 'छू', हाकलण्यासाठी 'हाड'. यांतील शेवटचा उद्गार 'हाडतूड करणे' या वाक्प्रचारात शिरून माणसांच्या व्यवहारातही वावरतो. तितकाच रूढ असा एक मूक संकेत आहे. चालता माणूस जमिनीकडे वाकला की कुत्रे पळ काढते. त्याने दगड उचलला असो वा पायताणाचा बंद बांधला असो, कुत्र्याच्या लेखी वाकणे म्हणजे दगड. पिढ्यान्पिढ्यांच्या वर्तनाने माणसांनीच शिकविलेला हा अर्थ आहे. आणि म्हणूनच सोडविलेल्या कुत्र्यावर प्रेमाने ओणवणारा माणूस त्यास प्रेमळ वाटत नाही.

हा अर्थ पालटू शकतो, याला भारतातील पुरावा उपलब्ध आहे. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील अनिंदिता भद्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरील कुत्र्यांचा दीर्घ अभ्यास केला आहे. त्यांच्या २०१७ सालच्या शोधनिबंधात असे दिसून आले की, अनोळखी माणसाशी वारंवार गाठ पडत गेल्यास या कुत्र्यांचा विश्वास नुसत्या अन्नापेक्षा कुरवाळण्याने अधिक जडतो. २०२० साली त्यांनी १६० कुत्र्यांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. सुमारे निम्मी कुत्री प्रयोगकर्त्याच्या जवळच आली नाहीत. जी आली, त्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी, कोणतेही शिक्षण नसता, माणसाने हाताने दाखविलेली दिशा बरोबर ओळखली. संकेत जाणण्याची पात्रता आहे, पण तिच्या व माणसाच्या मध्ये भय उभे आहे, असा याचा अर्थ.

मुंबईत प्राणिक्रौर्यप्रतिबंधक संस्था १८७४ साली स्थापन झाली, म्हणजे येथील परंपरा लहान नाही. १९६० च्या केंद्रीय अधिनियमाने प्राण्यास मारणे, उपाशी ठेवणे, अखंड साखळीस बांधणे व झुंजीस लावणे हे गुन्हे ठरविले. मात्र पहिल्या गुन्ह्यासाठी दंड ठेवला तो १० ते ५० रुपयांचा. कायदा कुत्र्याची सुटका करू शकतो. माणसाळणे त्यानंतर सुरू होते. 'दत्तक' हा शब्द आपल्या धर्मशास्त्रातून व कायद्यातून आलेला आहे. मनुष्याच्या मुलापुरता मर्यादित असलेला तो शब्द अलीकडे कुत्र्यासाठीही योजिला जातो, व कित्येकांना तो अतिशयोक्त वाटतो. परंतु त्या शब्दात कायमपणाची जी अट आहे ती येथे नेमकी लागू पडते. एकदा घरी नेऊन परत पाठविलेल्या कुत्र्यास माणसाच्या संकेतांवर तिसऱ्यांदा विश्वास ठेवावयास शिकविणे, हे पहिल्या खेपेहून कितीतरी कठीण असते. म्हणून घेणाऱ्याने निर्णयापूर्वी हवा तितका वेळ घ्यावा. एकदा घेतल्यावर मात्र आपले वागणे रोज सारखे ठेवावे.